फायरवॉल बंद करण्याआधी लॉग उघडा

बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीनशॉप असो, खानापूरची पतसंस्था असो की निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची पेढी, सर्व्हर 'मिळेना' झाला की पहिला उपाय ठरलेला असतो: "फायरवॉल बंद करून बघा की." बऱ्याचदा तो लागूही पडतो. सॉफ्टवेअर चालू होतं, काउंटरवरची रांग हलते, आणि फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारी व्यवस्था, मग कायमची बंदच राहते. ती पुन्हा चालू करायची तर नेमकं काय अडलं होतं हे माहीत हवं, आणि ते कुणी बघितलेलंच नसतं.

बघायची सोय सर्व्हरमध्येच असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोजमध्ये तिला इव्हेंट लॉग म्हणतात. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली तेव्हापासून ती आहे. लिनक्स सर्व्हर आणि राउटर-फायरवॉलच्या बहुतेक पेट्यांमध्ये हेच काम सिसलॉग करतो. तो त्याहून जुना, एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेलच्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला. संस्थेत बसणाऱ्यांना एका वाक्यात सांगायचं तर लॉग म्हणजे यंत्राची रोजकीर्द. घडलं त्या क्रमाने नोंद, प्रत्येक नोंदीला वेळ, आणि मधलीच एखादी ओळ खोडायची सोय नाही. रोजकीर्द कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. शिल्लक जुळेना झाली की त्या तारखेचं पान उघडतात आणि एकेक रक्कम ताडून बघतात. लॉगही तसाच वाचायचा. 'काय काय घडलंय' म्हणून उघडला तर हजारो ओळींत डोकं गरगरतं. 'सकाळी सव्वाअकराला काय घडलं' म्हणून उघडला तर दहा मिनिटांत हाती काहीतरी लागतं.

भाषेची भीती मात्र खरी आहे. आपल्याकडे दारावरचा बोर्ड कन्नडमध्ये, हिशेबाची वही मराठीत आणि सर्व्हर बोलणार इंग्रजीत. पण नोंद समजायला इंग्रजी फारसं लागत नाही. कधी घडलं, कुणी नोंदवलं, कोणत्या पत्त्याचा किंवा युजरचा संबंध आहे, आणि इव्हेंट आयडी नावाचा आकडा कोणता, एवढं वाचता आलं तरी पुरे. तो आकडा जगभर एकच असतो. जपानी भाषेतल्या विंडोजवरसुद्धा सिक्युरिटी लॉगमधला ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिनच. फक्त आकड्याच्या जोडीला नोंदवणाऱ्याचं नाव बघायचं, कारण वेगवेगळे भाग तोच आकडा वेगवेगळ्या अर्थाने वापरतात.

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज'खाली सिस्टिम, सिक्युरिटी आणि अ‍ॅप्लिकेशन हे तीन मुख्य लॉग दिसतील. उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये हवे ते आकडे स्वल्पविराम देऊन टाकले की बाकीचा पसारा बाजूला होतो. लाल आणि पिवळ्या खुणा पाहून घाबरू नका. धडधाकट सर्व्हरमध्येही त्या रोज असतात. डिस्ट्रिब्युटेडकॉम या विंडोजच्याच एका भागाचा १००१६ तर इतका नेहमीचा आहे की तो सोडून द्या असं मायक्रोसॉफ्टच सांगते. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' म्हणून फोन करणारे भामटे माणसाला हाच इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात, लाल खुणा मोजून दाखवतात आणि पैसे उकळतात.

आधी लाईटचा प्रश्न मिटवा

नेटवर्कच्या तक्रारीत मी सर्वांत आधी सर्व्हर मधे बंद पडला होता का ते बघतो. पावसाळ्यात खानापूरपासून कणकुंबीपर्यंतच्या भागात लाईटचा भरवसा नसतो, आणि विचारलं की हमखास उत्तर येतं, "लाईट गेलीच न्हाई." सिस्टिम लॉगमध्ये ६००८ असेल तर आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. त्याच्याबरोबर कर्नेल-पॉवरचा ४१ दिसतो. कुणी रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केलं असेल तर १०७४ असतो, आणि त्यात कोणत्या युजरने किंवा प्रोग्रामने केलं तेही लिहिलेलं असतं. रात्री अपडेट घेऊन सर्व्हर आपोआप उठला असेल तर तेही इथेच कळतं.

४१ कारण सांगत नाही, फक्त 'नीट बंद न होता पुन्हा सुरू झालो' एवढंच सांगतो. त्याच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोज कोसळण्याच्या कारणाचा आकडा) शून्य असेल तर वीज तुटली, यूपीएसने दगा दिला किंवा कुणी बटण दाबून धरलं असा अंदाज बांधता येतो. शून्याहून वेगळा आकडा असेल तर विंडोज स्वतःच कोसळली होती. असे ४१ रोज संध्याकाळी ठराविक वेळेला येत असतील तर फायरवॉलमध्ये शिरायची गरजच नाही. यूपीएसची बॅटरी बघा.

फायरवॉलची वेगळी वही

विंडोज फायरवॉल अडवलेल्या पॅकेटांची (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची) नोंद मुख्य इव्हेंट लॉगमध्ये आपोआप करत नाही. तिची वेगळी साधी मजकूर-फाइल असते: विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात लॉगफाइल्स, त्यात फायरवॉल, त्यात पीफायरवॉल. ही नोंद मुळात बंद असते. गरज पडते त्या दिवशी फाइल रिकामी सापडते ती म्हणूनच. 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही प्रोफाइलांत, म्हणजे नेटवर्कच्या प्रकारानुसार लागू होणाऱ्या नियमांच्या संचांत, लॉगिंग चालू करा. अडवलेली पॅकेटं आणि यशस्वी कनेक्शनं, दोन्हींना 'येस' म्हणा. आकार ४०९६ केबी धरलेला असतो, तो ३२७६७ केबीपर्यंत वाढवता येतो. वाढवाच. फाइल भरली की जुनी एकच प्रत 'ओल्ड' नावाने ठेवली जाते, त्याआधीचं सगळं जातं.

या फाइलीतली एक ओळ म्हणजे एक नोंद. तारीख, वेळ, ड्रॉप की अलाउ (अडवलं की सोडलं), टीसीपी की यूडीपी (माहिती पाठवायच्या दोन पद्धती), कुठून, कुठे, कोणत्या पोर्टवरून कोणत्या पोर्टकडे (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा क्रमांक), आणि शेवटाकडे रिसीव्ह की सेंड (येणारं की जाणारं). समजा काउंटरच्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.३४ आहे, सर्व्हरचा १९२.१६८.१.१०, आणि संस्थेचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालतं. एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट १४३३, शेअर केलेल्या फोल्डरचं ४४५. आता काउंटरवरच्या माणसाला सांगायचं, घड्याळ बघा आणि एकदा सॉफ्टवेअर उघडायचा प्रयत्न करा. मग त्या मिनिटात ३४ कडून १० कडे १४३३ वर काही आलं का ते शोधायचं.

ड्रॉप सापडला तर फायरवॉलने अडवलंय. तरी लगेच नियमांना हात लावू नका. त्या पोर्टवर ऐकणारी सेवाच (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू नसेल तरीही विंडोज असं पॅकेट गुपचूप टाकून देते, 'इथे कोणी नाही' असं उत्तर बाहेर पाठवत नाही. त्यामुळे आधी एसक्यूएलची सेवा चालू आहे का ते बघा, मग नियम.

अलाउ सापडला, तरी सॉफ्टवेअर उघडेना? मग फायरवॉल निर्दोष आहे. सिस्टिम लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरचा ७०३४ किंवा ७०३१ शोधा, म्हणजे एखादी सेवा मधेच कोसळली का ते कळेल. ७००० असेल तर ती सुरूच झाली नाही. डिस्क भरली असेल किंवा डेटाबेसमध्ये बिघाड असेल तर त्याची खूण अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये मिळते. इथे फायरवॉल बंद केली तर काहीच फरक पडत नाही, आणि नेमक्या याच वेळी लोक ती बंद करतात, मग अँटीव्हायरस काढतात, मग विंडोज नव्याने टाकायच्या गोष्टी सुरू होतात.

काहीच सापडलं नाही, ना ड्रॉप ना अलाउ, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत आलेलंच नाही. मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती ही तिसरी शक्यता. काहीच नोंद नसणं हाही पुरावा आहे, आणि तो तुम्हाला सर्व्हरवरून उठवून केबलीकडे, मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या स्विचकडे, काउंटरच्या मशीनकडे नेतो. उंदरांनी कुरतडलेली केबल, स्विचचा मेलेला पोर्ट, मशीनला मिळालेला भलताच आयपी, किंवा सर्व्हरचाच आयपी कुणीतरी नव्या प्रिंटरला देऊन ठेवलेला. हा शेवटचा घोळ असेल तर सिस्टिम लॉगमध्ये टीसीपीआयपीचा ४१९९ येतो आणि त्यात समोरच्या उपकरणाचा हार्डवेअर पत्ताही (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा मॅक पत्ता) असतो. अर्थात या शांततेवर विश्वास ठेवायचा तर दोन्ही प्रकारची नोंद चालू हवी. फक्त ड्रॉप लिहिणारी फाइल कोरी असेल तर तिचे दोन अर्थ निघतात, पॅकेट आलंच नाही किंवा ते आत सोडलं, आणि दोन्ही उपयोगाचे नाहीत.

मोठ्या संस्थांत इंटरनेटच्या तोंडाशी फायरवॉलची वेगळी पेटी असते. काहीजण तिला अजून 'सायबरोम'च म्हणतात, अहमदाबादची ती कंपनी २०१४ मध्ये सोफॉसने घेतली तरी. या पेटीचा लॉग बघताना एक गैरसमज काढून टाका: काउंटरचं मशीन आणि सर्व्हर एकाच स्विचवर असतील तर त्यांची आपसातली देवाणघेवाण पेटीतून जातच नाही. तिच्या लॉगमध्ये ती दिसणार नाही, आणि आतल्या तक्रारीसाठी पेटीचे नियम बदलून काही साधणार नाही. पेटीचा लॉग बाहेरच्या वाहतुकीसाठी.

राउटर बदलला आणि सगळं ठप्प झालं

वळवाच्या पावसात वीज कडाडली, राउटर गेला, केबलवाल्याने दुपारी नवा बसवला. इंटरनेट सुरू झालं. सर्व्हरवर बसून ईमेल येतं, बँकेची साइट उघडते. पण काउंटरवरचं एकही मशीन सर्व्हरला जोडेना, पिंगलाही ('आहेस का' असं मशीनला विचारणाऱ्या साध्या चाचणीला) उत्तर नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि फायरवॉल बंद केली की लगेच 'बरी' होते, म्हणून तिचं मूळ कारण कुणाला कळत नाही.

कारण असं. विंडोज एखादं नेटवर्क ओळखीचं आहे का हे ठरवताना गेटवेचा, म्हणजे राउटरचा, हार्डवेअर पत्ता बघते. राउटर बदलला, पत्ता बदलला, त्यामुळे विंडोजच्या लेखी हे नवंच नेटवर्क झालं. अनोळखी नेटवर्कला ती सहसा पब्लिक धरते, जणू सर्व्हर रेल्वे स्टेशनच्या वायफायवर आहे. फायलींच्या शेअरिंगला मुभा देणारे नियम प्रायव्हेट प्रोफाइलपुरतेच चालू असतात. ते एका क्षणात लागू व्हायचे थांबले. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांना मुळातच मोकळीक असल्यामुळे इंटरनेट मात्र ठणठणीत. 'सर्व्हरवर नेट आहे, पण सर्व्हर कुणाला मिळत नाही' हे लक्षण दिसलं की प्रोफाइलचा संशय आलाच पाहिजे.

पुरावा तीन ठिकाणी मिळतो. पीफायरवॉलमध्ये ४४५ आणि १४३३ वरच्या ड्रॉपच्या ओळी. 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज'मध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं उतरत गेलं की नेटवर्कप्रोफाइल सापडतो, त्याच्या ऑपरेशनल लॉगमध्ये १०००० ही 'नेटवर्क जोडलं' अशी नोंद, तीत नेटवर्कचं नवं नाव आणि पब्लिक ही वर्गवारी. आणि तिथेच फायरवॉलच्या लॉगमध्ये २०१०, म्हणजे जोडणीचं प्रोफाइल बदललं. तिन्हींची वेळ राउटर बसवला त्याच वेळेशी जुळते. उपाय एका क्लिकचा: सेटिंग्जमध्ये ते नेटवर्क प्रायव्हेट करा. फायरवॉल चालूच राहू द्या.

फायरवॉलच्या त्याच इव्हेंट लॉगमध्ये २००४ म्हणजे नवा नियम आला, २००५ म्हणजे बदलला, २००६ म्हणजे काढला; विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत यांतले काही आकडे बदललेत, पण मजकूर तसाच असतो. 'काल तर चालत होतं' असं कुणी म्हटलं की मी कालपासूनच्या या नोंदी काढतो. कोणत्या प्रोग्रामने किंवा कोणत्या युजरने नियम बदलला हेही त्यांत असतं, त्यामुळे वाद लवकर मिटतो.

दार ठोठावणारे कोण

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून अनेकांनी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं (दुरून सर्व्हर चालवायच्या सोयीचं) पोर्ट, म्हणजे ३३८९, थेट सर्व्हरकडे वळवून घेतलं. लॉकडाऊन उठला, पोर्ट तसंच राहिलं. अशा सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग उघडला तर ४६२५ च्या रांगाच्या रांगा दिसतात, रात्रीबेरात्रीही, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर अशी नावं लावून. जगभरची यंत्रं आपोआप हे करत असतात. तुमची पेढी त्यांना ठाऊकही नसते.

४६२५ उघडून तीन जागा बघा. सोर्स नेटवर्क अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रयत्न कुठून झाला. सब स्टेटस: कोडच्या शेवटी ६४ असेल तर तसा युजरच नाही, ६ए असेल तर युजर खरा आहे आणि पासवर्ड चुकलाय. दुसरा प्रकार जास्त गंभीर, कारण समोरच्याला तुमच्याकडचं एक नाव माहीत झालंय. तिसरी जागा लॉगऑन टाइप. रिमोट डेस्कटॉप म्हणजे १० असं सगळे पाठ करतात, पण हल्ली पासवर्ड आधीच तपासला जातो, म्हणून फसलेला प्रयत्न बहुतेक वेळा ३ म्हणून नोंदला जातो. फक्त १० शोधणाऱ्याला हल्ला दिसतच नाही.

एकाच बाहेरच्या पत्त्याकडून शंभर ४६२५ आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच पत्त्याचा ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, दिसलं तर सर्व्हरची नेटवर्क केबल काढा आणि मग पुढचं वाचा. पुढे शोधायचं ते ४७२० (नवा युजर), ४७३२ (कुणाला अ‍ॅडमिन गटात घातलं का), सिस्टिम लॉगमधला ७०४५ (नवी सेवा बसवली), आणि ११०२. हा शेवटचा म्हणजे 'सिक्युरिटी लॉग पुसला'. लॉग पुसणाऱ्याचं नाव कोऱ्या झालेल्या लॉगमध्ये पहिल्याच ओळीत राहतं.

फसलेली सगळी लॉगिनं चोरांचीच असतात असं मात्र नाही. पासवर्ड बदलल्यावर दर काही मिनिटांनी आतल्याच पत्त्याकडून ४६२५ येऊ लागले आणि पाठोपाठ ४७४०, म्हणजे खातं लॉक, तर आधी कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनकडे बघा. स्कॅन केलेला कागद सर्व्हरच्या फोल्डरात टाकायला तिच्यात जुना पासवर्ड भरून ठेवलेला असतो आणि ते कुणाच्याच लक्षात नसतं. रात्रीच्या बॅकअपच्या टास्कचंही तसंच. तिथे लॉगऑन टाइप ४ दिसतो, सेवेच्या बाबतीत ५.

घड्याळ आणि साठवण

दोन लॉग ताडायचे तर दोन्हींची घड्याळं जुळली पाहिजेत. फायरवॉलच्या पेट्या अनेकदा यूटीसीवर, या जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवलेल्या असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या सकाळच्या ११:१५ ची घटना तिथे ५:४५ ला दिसते, आणि बघणारा पहाटे कोण आलं होतं म्हणून वॉचमनला धारेवर धरतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्येही यादीतली वेळ स्थानिक असते, पण तपशिलाच्या एक्सएमएलमध्ये यूटीसी असते. डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनांची लॉगिनं एकाच सर्व्हरवरून तपासायची रचना, असेल तर घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकल्यावर लॉगिनच होत नाही.

भारतात याला नियमाचाही आधार आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपले लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी जुळवायची, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या.

१८० दिवस म्हटलं की अडचण लगेच समोर येते. मुख्य इव्हेंट लॉगना सहसा २० एमबीचीच जागा दिलेली असते. भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. पोर्ट उघडं असलेल्या सर्व्हरवर एवढी जागा काही दिवसांत संपते आणि नेमकी हवी ती तारीख सापडत नाही. लॉगच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आकार वाढवा, डिस्कच्या मानाने एक जीबीसुद्धा काहीच नाही. प्रत्येक परवानगी मिळालेल्या कनेक्शनची ५१५६ ही नोंद चालू करायचा सल्ला कुणी दिला तर ती तपासापुरतीच ठेवा, नाहीतर तीच सगळी जागा खाते.

आणि लॉगची प्रत सर्व्हरबाहेर हवी. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, फायलींबरोबर लॉगही घेऊन जातं. दुसऱ्या मशीनवर विंडोजचं इव्हेंट फॉरवर्डिंग लावता येतं. पेटीचा सिसलॉग घ्यायला जुना डेस्कटॉप आणि लिनक्स पुरतं. सिसलॉग नेहमीच्या रीतीने यूडीपी ५१४ वर येतो, त्यात पोचपावती नसते, त्यामुळे नेटवर्क ठप्प असतानाच्याच ओळी हरवू शकतात. पेटी टीसीपीवर पाठवू शकत असेल तर तसं ठेवा. सिसलॉगमध्ये ० सर्वांत गंभीर आणि ७ सर्वांत किरकोळ. पातळी ३ वर ठेवली तर फक्त चुकाच येतील आणि अडवलेल्या कनेक्शनांची माहिती, जी बहुधा ५ किंवा ६ वर असते, येणारच नाही.

इंजिनिअर हुबळीहून किंवा कोल्हापूरहून येणार असेल तर 'सर्व्हर चालेना' एवढ्यावर त्याला बोलावू नका. तक्रार नेमकी किती वाजता झाली, काउंटरच्या मशीनचा आयपी, पोर्ट, पीफायरवॉलमधली ती ओळ, आणि त्याआधीच्या तासाभरातला सिस्टिम लॉग 'सेव्ह ऑल इव्हेंट्स'ने फाइल करून पाठवा. निम्म्या वेळा तो फोनवरच सांगेल की गाडी काढायची गरज नाही.